'हेवी एमटीआय' हा शेरा काढून टाका

प्रति,
पुण्या-मुंबईच्या आयटी आणि बीपीओ कंपन्यांमधले एचआर आणि ट्रेनिंगवाले, आणि आमच्या मराठवाड्यातल्या कॉलेजांचे प्लेसमेंट सेल

नमस्कार,

मागच्या महिन्यात एका रविवारी माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील तिला घेऊन घरी आले. पोरगी बीएस्सी कॉम्प्युटर, फर्स्ट क्लास, ॲप्टिट्यूड पास, कोडिंगचा राउंड पास आणि शेवटी रिजेक्ट. कॉलेजने फॉरवर्ड केलेली फीडबॅकची शीट तिच्या मोबाईलवर होती, तिच्या नावासमोर दोनच शब्द, 'हेवी एमटीआय'. तिला अर्थ माहीत नव्हता. वडिलांना वाटलं कागदपत्रातलं काहीतरी राहिलंय, एखादा दाखला वगैरे, म्हणून ते फाईल घेऊनच आले होते. मी सांगितलं की एमटीआय म्हणजे मदर टंग इन्फ्लुएन्स, म्हणजे ती इंग्रजी बोलते तेव्हा आत तिची मातृभाषा ऐकू येते. ते जरा वेळ फाईलकडं बघत बसले आणि म्हणाले, "मग मॅडम, ती ऐकू येणारच की. आई तिची मराठीच बोलती. त्यात पोरीचं काय चुकलं?"

मला त्या माणसाला उत्तर देता आलं नाही. ते उत्तर तुमच्याकडे असायला हवं म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितेय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण असे वडील घरोघरी आहेत.

त्या शीटवर हाच शेरा अजून सहा जणांना होता. नोकरी कसली, तर सॉफ्टवेअर टेस्टिंगची. दिवसभर स्क्रीनसमोर बसून बग (सॉफ्टवेअरमधल्या चुका) शोधायचे आणि लिहून पाठवायचे, फोन उचलायचा नाही, क्लायंटशी बोलायचं नाही. आणि त्यानंतर कॉलेजने काय केलं तर नोटीस लावली, की पुढच्या ड्राइव्हला, म्हणजे कंपनीच्या कॉलेजातल्या भरतीला, बसायचं असेल तर आधी कॉलेजातच 'ॲक्सेंट स्क्रीनिंग' होणार, त्यात जे पास होतील तेवढेच कंपनीसमोर जाणार. म्हणजे कंपनीने लावायची चाळणी आता कॉलेजच लावणार आणि गावातली पोरं गावातच गाळली जाणार. ही नोटीस वाचली त्या दिवसापासून मला नीट झोप नाही.

मी हे बाहेरून बघून बोलत नाहीये. मी अंबाजोगाईची, बारावीपर्यंत मराठी मीडियम. 2005 ला पुण्यात एका कॉल सेंटरला लागले, आठ वर्षं त्या लाइनमध्ये काढली, आधी व्हॉइस एजंट म्हणून आणि नंतरची तीन वर्षं क्वालिटीमध्ये, म्हणजे एजंटचे कॉल ऐकून मार्क द्यायच्या कामात. क्वालिटीत असताना हा शेरा मी स्वतः लिहिलाय. किती जणांच्या शीटवर लिहिला ते मी मोजलं नाही आणि आज मोजता येणार नाही, पण त्यातली दोन-चार नावं अजून आठवतात. त्यातली एक मुलगी जळगावची होती, तिचं काम अतिशय चोख होतं, कस्टमर तिच्यावर खूश असायचे, आणि मी तिचे दर महिन्याला मार्क कापत होते कारण फॉर्मवर तसा रकाना होता. तिचा इन्सेंटिव्ह गेला. ती माझी चूक होती आणि ती मला अजून डाचते, म्हणून आता मी या विषयावर बोलायचं सोडणार नाही.

ट्रेनिंगचे दिवस मला लख्ख आठवतात. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाच्या हातात कागदाची एक पट्टी दिली होती, ती तोंडासमोर धरायची आणि 'पेपर' म्हणायचं, कागद हलला पाहिजे. माझा हलायचा नाही. आपला 'प' हवा सोडत नाही, हवा सोडणारा आपल्याकडे 'फ' आहे, आणि इंग्रजांचा शब्दाच्या सुरुवातीचा 'प' या दोघांच्या मधला. त्यामुळे आपण 'पॅक' म्हटलं की अमेरिकन माणसाला कधीकधी 'बॅक' ऐकू येतं. ही गोष्ट खरी आहे आणि ती शिकवली ते बरं झालं, मी आजही माझ्या पोरांना कागदाची पट्टी देते. तसंच 'वेस्ट'. देवनागरीत 'वेस्ट' एकदा लिहा आणि मला सांगा ती पश्चिम दिशा आहे, का कचरा आहे, का कंबर आहे, का आतून घालायची बनियन आहे. इंग्रजीत हे चार वेगळे शब्द आणि तीन वेगळे उच्चार (कचरा आणि कंबर तिथेही सारखेच), आपल्या लिपीत आणि आपल्या तोंडात एकच. आम्ही तो शब्द वीस-वीस वेळा म्हणायचो, दात खालच्या ओठावर ठेवून, मग ओठांचा चंबू करून, मग 'ए' लांबवून, मग आखडून. पत्ता टाईप करताना किंवा सांगताना याने खरंच घोटाळा होतो, म्हणून हेही शिकावं याला माझी काही हरकत नाही.

हरकत पुढच्या गोष्टीला आहे. 'थ्री' मधल्या 'थ' वर आमचे अख्खे तीन दिवस गेले. जीभ दातांच्या मध्ये, नुसती हवा, आवाज नको. आपला मराठी 'थ' म्हटला की ट्रेनर थांबवायचा. आता मला सांगा, मराठी 'थ' लावून 'थ्री' म्हटलं तर जगातल्या कुठल्या माणसाला 'फोर' ऐकू येणार आहे? कुणालाही नाही. तो उच्चार समजत नव्हता म्हणून दुरुस्त होत नव्हता, तो कुठून आलाय ते कळत होतं म्हणून दुरुस्त होत होता. या दोन गोष्टी तुम्ही एकाच रकान्यात घातल्यात आणि माझी मूळ तक्रार ही आहे. समोरच्याला कळलं का, हा एक प्रश्न. बोलणारा कुठला आहे ते कळतंय का, हा दुसरा प्रश्न. पहिल्यावर नोकरी द्या-नाकारा, दुसऱ्याचा नोकरीशी संबंध काय?

हे माझं एकटीचं म्हणणं नाही. 1995 मध्ये कॅनडात मन्रो आणि डर्विंग या दोन संशोधकांनी चिनी भाषिकांची इंग्रजी वाक्यं इंग्रजी मातृभाषा असलेल्या लोकांना ऐकवली, जे ऐकलं ते शब्दन् शब्द लिहायला लावलं आणि मग ॲक्सेंट किती जड वाटला ते विचारलं. ज्या वाक्यांना लोकांनी ॲक्सेंट एकदम जड म्हटलं त्यातली पुष्कळशी वाक्यं त्याच लोकांनी तंतोतंत बरोबर लिहिली होती. म्हणजे जड वाटतं आणि तरी सगळं कळतं. याला आता तीस वर्षं झाली तरी तुमच्या फॉर्मवरचा रकाना काही हलला नाही.

आणि तुम्ही म्हणाल की अभ्यास वेगळे आणि बिझनेस वेगळा, इथे चूक झाली तर क्लायंट जातो. बरं, मग जिथे चूक झाली तर जीव जातो तिथे काय नियम आहे ते बघू. 12 नोव्हेंबर 1996 ला हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानं एकमेकांवर आदळली, 349 माणसं गेली, एकही वाचला नाही. कझाकस्तानचं विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आलं होतं, आणि त्याच्या क्रूला इंग्रजी नीट समजत नसणं हे चौकशीत निघालेल्या कारणांपैकी एक. असे अपघात झाल्यावर आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या संघटनेने, आयकाओने, वैमानिक आणि कंट्रोलरसाठी इंग्रजीच्या सहा पायऱ्या ठरवल्या, 2008 पासून त्या लागू आहेत आणि किमान चौथी पायरी लागते. त्या चौथ्या पायरीत उच्चाराबद्दल काय म्हटलंय ते तुमच्या प्रत्येक ट्रेनिंग रूममध्ये भिंतीवर लावायला पाहिजे. तिथे म्हटलंय की उच्चारावर पहिल्या भाषेचा किंवा प्रादेशिक बोलीचा परिणाम असतो, तो समजण्याच्या आड कधीमधीच आला पाहिजे. आणि सर्वात वरची सहावी पायरी, एक्स्पर्ट? तिथेही पहिल्या भाषेचा परिणाम असू शकतो असंच धरलंय, फक्त तो समजण्याच्या आड जवळजवळ कधीच येऊ नये.

म्हणजे तीनशे माणसं पाठीमागे बसवून विमान उतरवणाऱ्याला एमटीआय चालतो, आणि आमच्या पोरीला बग रिपोर्ट लिहायला चालत नाही.

अजून एक सांगते. विमानाच्या रेडिओवर आकडे बोलायची जी ठरलेली पद्धत आहे त्यात तीनला 'थ्री' म्हणत नाहीत, 'ट्री' म्हणतात. हजारला 'टाउसंड', नऊला 'नायनर'. ज्या 'थ' साठी आमचे तीन दिवस घेतले तो 'थ' तिथे मुद्दाम काढून टाकलाय, कारण खरखर करणाऱ्या रेडिओवर तो नीट ऐकू येत नाही आणि जगातल्या पुष्कळ लोकांना तो नीट काढता येत नाही. त्यांनी लोकांच्या जिभा बदलायचा नाद सोडला आणि सगळ्यांना कळेल असा शब्द ठरवून टाकला. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी माझ्या क्लासमध्ये फळ्यावर लिहून दाखवलं होतं, पोरं कितीतरी वेळ त्या 'ट्री' कडे बघत बसली होती.

दुसरी तक्रार 'न्यूट्रल' या शब्दाबद्दल. हा शब्द तुम्ही असा वापरता जणू ॲक्सेंट नसलेला माणूस कुठेतरी राहतो. कुठे राहतो? इंग्लंडमध्ये गावागणिक बोलणं बदलतं, लिव्हरपूलचं वेगळं, बर्मिंगहॅमचं वेगळं, न्यूकॅसलचं आणखी वेगळं. ज्याला शुद्ध म्हणून मिरवलं ते बोर्डिंग स्कूलमधून आलेल्या मूठभर लोकांचं इंग्रजी, ते बीबीसीवर लागायचं म्हणून प्रतिष्ठा. 1941 मध्ये बीबीसीने विल्फ्रेड पिकल्स नावाच्या यॉर्कशरच्या माणसाला राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवलं तर श्रोत्यांच्या तक्रारी आल्या, आणि तो काही परदेशी नव्हता, त्यांच्याच देशाचा, त्यांचीच भाषा जन्मापासून बोलणारा. म्हणजे गोऱ्या इंग्रजालाही त्याचं गाव नडलं. आपल्याकडे 'न्यूट्रल' म्हणतात ते शहरातल्या कॉन्व्हेंटमधलं इंग्रजी, एवढाच त्याचा अर्थ. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण तोही एका जागेचा आणि एका वर्गाचा ॲक्सेंट आहे, आणि त्याला न्यूट्रल म्हटलं की बाकी सगळे आपोआप बिघडलेले ठरतात.

आम्हा मराठवाड्याच्या पोरांना हे दोनदा सोसावं लागतं. पुण्यात आले तेव्हा पहिले सहा महिने मी 'पानी' म्हणते म्हणून रूमवरच्या मुली हसायच्या, "ण म्हण गं ण, पाणी." मी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या जीभ मागे वळवून 'ण' घोकायचे. आणि तेव्हाच दिवसा ट्रेनिंगमध्ये सांगायचे की 'ट' आणि 'ड' म्हणताना जीभ मागे वळवू नका, ती इंडियन सवय आहे, पुढे ठेवा. मराठीसाठी जीभ वळवायची आणि इंग्रजीसाठी तीच जीभ सरळ करायची, आणि दोन्हीकडे सांगणारा माणूस हेच म्हणणार की तू बोलतेस ते अशुद्ध आहे. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. बोलायच्या आधी मनातल्या मनात वाक्य म्हणून बघायची सवय लागली ती तेव्हापासून, आणि आज माझ्या समोर बसलेल्या पोरांच्या तोंडावर मला तेच दिसतं, उत्तर येत असतं पण ओठ हलत नाहीत. तुम्ही त्याला 'लॅक्स कॉन्फिडन्स', म्हणजे आत्मविश्वास नाही, असा शेरा देता. तो कॉन्फिडन्स कुणी काढून घेतला याचा विचार करा.

तिसरी तक्रार ऐकणाऱ्याबद्दल. सगळं ओझं बोलणाऱ्याच्या डोक्यावर, ऐकणाऱ्याला काही जबाबदारीच नाही. माझा एक कॉल मला अजून आठवतो. अमेरिकेतल्या अलाबामाचा एक वयस्कर गृहस्थ, त्याचं बिल चुकलं होतं. तो 'टेन' म्हणायचा आणि मला 'टिन' ऐकू यायचं, 'पेन' म्हणाला का 'पिन' म्हणाला ते कळायचं नाही. तिकडे दक्षिणेत बऱ्याच लोकांच्या बोलण्यात 'न' आणि 'म' च्या आधी हे दोन स्वर एकच होतात, जसे आपल्या 'वेस्ट' मध्ये तीन उच्चार एक होतात. मी काय केलं, दोनदा विचारलं, आकडे परत वाचून दाखवले, पाच मिनिटांत माझा कान तयार झाला आणि काम झालं. त्या माणसाच्या नावापुढे कुणी शेरा मारला नाही, आणि मारूही नये, तो त्याच्या गावचं बोलत होता. पण त्याच कॉलवर माझ्या शीटला उच्चाराचे मार्क गेले. ऐकायचं कष्ट मी घेतलं आणि मार्कही माझेच कापले.

आणि ऐकणाऱ्याचा कान किती वेळा डोळ्यांवर चालतो हेही बघा. 1992 मध्ये अमेरिकेत डोनाल्ड रुबिन यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एका लेक्चरचं रेकॉर्डिंग ऐकवलं, बोलणारी बाई अमेरिकन, इंग्रजी मातृभाषा असलेली. काहींना ऐकताना गोऱ्या बाईचा फोटो दाखवला आणि काहींना आशियाई चेहऱ्याच्या बाईचा. आवाज तोच, रेकॉर्डिंग तेच. आशियाई फोटो बघणाऱ्यांना त्यात परदेशी ॲक्सेंट ऐकू आला, आणि नंतरच्या परीक्षेत त्यांना मजकूर कमी कळल्याचंही दिसलं. जो ॲक्सेंट नव्हताच तो ऐकू आला! मग इंटरव्ह्यू घेणाऱ्याने आडनाव वाचलं, गाव वाचलं, मराठी मीडियम वाचलं, आणि मग कान लावला, तर त्याला काय ऐकू येणार? मी स्वतः क्वालिटीत असताना कॉल ऐकायच्या आधी एजंटचं नाव बघायचे. ते बघायला नको होतं.

बोलण्याची टेस्ट मशीनने घेतली की भेदभाव होत नाही असं आता प्लेसमेंटवाले सांगतात. मशीन ज्यांचे आवाज ऐकून शिकलंय त्यांचंच त्याला नीट कळतं. 2020 मध्ये अमेरिकेत पाच बड्या कंपन्यांची बोललेलं लिहून देणारी सॉफ्टवेअर तपासली, तर गोऱ्या लोकांच्या बोलण्यात 100 शब्दांमागे सरासरी 19 चुका आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलण्यात 35. दोघंही अमेरिकनच. आमच्या केजच्या, परळीच्या पोराच्या आवाजावर तुमचं सॉफ्टवेअर किती चुकतं हे कुणी तपासलंय का? तपासलं असेल तर आकडा जाहीर करा, आणि तपासलं नसेल तर त्यावर कुणाची नोकरी ठरवू नका.

आता तर आणखी पुढची गोष्ट आलीय. टेलिपरफॉर्मन्स ही कॉल सेंटरमधली जगातली सगळ्यात मोठी कंपनी, ती भारतातल्या एजंटचा ॲक्सेंट बोलता बोलता बदलून पलीकडे ऐकवणारं सानास नावाच्या कंपनीचं एआय सॉफ्टवेअर वापरतेय, ही बातमी 2025 मध्ये सगळीकडे आली. काही लोक म्हणतात बरं झालं, पोरांचा त्रास वाचला, शिव्या कमी खायला लागतील. शिव्या खाल्लेली बाई म्हणून सांगते, त्यातलं तथ्य मला कळतं. रात्री तीन वाजता कुणीतरी "मला माझ्या देशातला माणूस द्या" म्हणून ओरडतं तेव्हा काय वाटतं ते मी विसरले नाही. आमच्या वेळी नाव बदलायला लावायचे, फ्लोअरवर मी आठ तास नॅन्सी असायचे. आता नाव राहील पण आवाज जाईल. ज्या एजंटला ते नको असेल त्याला नको म्हणायची सोय आहे का, आणि ओरडणाऱ्या कस्टमरचा कॉल कट करायची परवानगी त्याला आधी का देत नाही, हे दोन प्रश्न मला विचारायचे आहेत.

एक गोष्ट मी मान्य करते, नाहीतर तुम्ही म्हणाल की ही बाई काहीही चालवून घ्या म्हणतेय. तसं नाही. माझ्या क्लासमध्ये मी पोरांना भरपूर झापते. भरभर बोलतात, वाक्य अर्धं गिळतात, फोन नंबर दहा आकडे एका दमात म्हणतात, इंग्रजी शब्दात जोर कुठल्या अक्षरावर द्यायचा ते बघत नाहीत, आणि 'डेव्हलपमेंट' चा जोर पहिल्यावर टाकला तर परक्या माणसाला तो शब्दच वेगळा वाटतो. 'स्नॅक्स' चं 'स्नेक्स' झालं की अर्थ बदलतो. हे सगळं शिकायचंच, आणि शिकता येतं, दोन-तीन महिन्यांत फरक पडतो, मी पाडून दाखवलाय. पण हे शिकायला आधी सांगावं लागतं की काय कळलं नाही. 'हेवी एमटीआय' या दोन शब्दांतून ते कळत नाही. माझी विद्यार्थिनी मला विचारत होती, "मॅडम, कुठला शब्द चुकला ते सांगा, मी आजच करून टाकते." मी काय सांगू? तुमच्या शीटवर तेवढंही लिहिलेलं नाही. तिला तुम्ही चूक सांगितली नाही, तिची आई चूक आहे असं सांगितलं.

म्हणून मागण्या सांगते, साध्या आहेत, पैसा फारसा लागत नाही.

'एमटीआय' हा रकाना सिलेक्शनच्या आणि क्वालिटीच्या फॉर्मवरून काढा. त्या जागी असं लिहा की कुठला शब्द किंवा कुठलं वाक्य ऐकणाऱ्याला कळलं नाही. लिहायला काही सापडलं नाही तर उमेदवार पास.

ज्या कामात फोनवर किंवा क्लायंटशी बोलायचं नाही त्या कामासाठी उच्चाराचे मार्क ठेवूच नका. टेस्टिंग, अकाउंट्स, डेटा, बॅकएंड, कुठेच नाही. आणि जिथे बोलायचंय तिथे इंटरव्ह्यू घेणारे निदान दोघं असू द्या, दोघं वेगवेगळ्या भागातले, आणि ऐकून होईपर्यंत त्यांच्यासमोर नाव, गाव, मीडियम नको.

मशीनने नापास केलेल्या पोराला त्याचं रेकॉर्डिंग द्या आणि मागितलं तर माणसाकडून परत ऐकून घ्या. हे तर एका ईमेलचं काम आहे.

ट्रेनिंग जरूर द्या, पण ते नोकरी दिल्यावर आणि पगारी द्या, आणि त्यात ऐकायचंही ट्रेनिंग असू द्या. टीम लीड, मॅनेजर, क्लायंटची माणसं, सगळ्यांना एकदा बसवून नागपूरचं, मदुराईचं, गुवाहाटीचं, पाटण्याचं इंग्रजी ऐकवा. कानाला सवय लागायला वेळ लागत नाही, मला त्या अलाबामाच्या आजोबांची पाच मिनिटांत लागली होती. आवाज बदलणारं सॉफ्टवेअर लावणार असाल तर एजंटच्या लेखी परवानगीशिवाय नाही, आणि नाही म्हटलं तर त्याचा इन्सेंटिव्ह, शिफ्ट, प्रमोशन यातलं काही हलता कामा नये.

आणि प्लेसमेंट सेलच्या सरांना आणि मॅडमना हात जोडून सांगते, ती नोटीस काढून घ्या. कंपनीने काय करायचं ते कंपनी करेल, त्यांच्याशी आपण भांडू, पण तुम्ही आपल्याच पोरांना दारात अडवू नका. तुम्ही सुद्धा इथलेच आहात, तुमचंही इंग्रजी मी ऐकलंय आणि मला ते नीट कळतं, माझ्या पोरांनाही कळतं, त्याच इंग्रजीत तुम्ही त्यांना डेटा स्ट्रक्चर शिकवलंत आणि ती पास झाली.

पुढचा ड्राइव्ह पुढच्या महिन्यात आहे. त्या मुलीने फॉर्म भरून ठेवलाय, नोटीस मागे घेतली तर ती बसेल. तिचे वडील परवा बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "मॅडम, त्यांनी काय उत्तर दिलं का?" मी म्हटलं अजून पत्रच लिहितेय. आता लिहून झालंय, उत्तराची वाट बघतेय.

आपली,
एक जुनी व्हॉइस एजंट, आता इंग्रजी शिकवणारी
अंबाजोगाई